पायलट लिहायचाय, पण तोवर घर कोण चालवणार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग लिहून ठेवतोय. रेकॉर्डिंगमधलं बोलणं जरा सारखं केलंय, दोन-तीन ठिकाणी भर घातलीय, बाकी बोललो तसंच आहे.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, परतवाडा इकडून येणाऱ्या मेसेजमध्ये गेले कित्येक महिने एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. “भाऊ, सिरीजची स्टोरी तयार हाय, लिहाले पैसे कोन देते?” प्रश्न रास्त आहे. मुंबईतल्या पोराला हा प्रश्न पडला तर तो कुठल्या तरी प्रॉडक्शनच्या ऑफिसात असिस्टंट म्हणून चिकटतो आणि तिथेच राहून लिहायला शिकतो. आपल्याकडे लिहिणारा माणूस शाळेत शिकवतो, पतसंस्थेत बसतो, कृषी केंद्र चालवतो, नाहीतर सोयाबीन घरात आलं की मग वही उघडतो. त्याच्या दृष्टीने लिहिण्यासाठी पैसे म्हणजे लिहिण्यासाठी सुट्टी. म्हणून आज मालिकेचा पायलट लिहायला मिळणारं अर्थसाहाय्य आणि त्याच्यासोबत येणारे मेंटॉर यावर सविस्तर बोलू.

आधी एक गुंता सोडवू. आपण सरसकट “ग्रँट” म्हणतो त्यात तीन निरनिराळे पैसे मिसळलेले असतात.

पहिला पैसा काम पूर्ण झाल्यावर येतो. महाराष्ट्र सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्याची योजना सगळ्यांना ऐकून माहीत असते: अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख हे आकडे बरीच वर्षं चालत आले. पण त्यासाठी चित्रपट तयार पाहिजे, सेन्सॉर झालेला पाहिजे, मग समिती तो बघणार. म्हणजे हा निर्मात्याचा पैसा. लेखकाच्या हातात तेव्हा फार तर पेढा पडतो.

दुसरा पैसा बक्षिसाचा. तुम्ही संहिता स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या खर्चाने पूर्ण करायची, स्पर्धेत टाकायची, आणि नशीब असेल तर रक्कम मिळायची. सिनेस्तानची पटकथा स्पर्धा अशी होती. एकूण बक्षिसं ५० लाखांची, परीक्षकांत आमीर खान, राजकुमार हिराणी, जुही चतुर्वेदी, अंजुम राजाबली. २०१८ च्या त्या फेरीत बिप्लब गोस्वामी यांच्या ‘टू ब्राइड्स’ या संहितेला बक्षीस मिळालं. आमीर खानच्या नजरेत ती तिथे आली, आणि पुढे किरण रावने त्यावर ‘लापता लेडीज’ केला. २०२४ ला तो थिएटरात लागला. त्याची श्रेयनामावली नीट बघा, बरं का. कथा बिप्लब गोस्वामी, पटकथा आणि संवाद स्नेहा देसाई. स्पर्धा जिंकलेल्या संहितेवरही पुढे दुसऱ्या लेखकाचा हात फिरतो. त्यात रडण्यासारखं काही नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

तिसरा पैसा आपल्याला हवा तो: संहिता पूर्ण होण्याच्या आधी, ती पूर्ण व्हावी म्हणून दिलेला. जगभर याला लॅब, फेलोशिप, डेव्हलपमेंट फंड अशी नावं आहेत. कुठे रोख रक्कम मिळते. कुठे रोख काहीच नसतं, पण राहणं, प्रवास आणि अनुभवी लेखकाचा वेळ मिळतो. काही ठिकाणी तर फी तुम्हालाच भरावी लागते. जाहिरातीत “लॅब” लिहिलं की लोक धरून चालतात पैसे मिळणार. आधी बारीक अक्षर वाचा.

आता मराठीतलं उदाहरण घेऊ. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१४ ला व्हेनिसला दोन मोठे पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करला. पण माझ्या मते त्या चित्रपटाची सगळ्यात महत्त्वाची घटना यातल्या कशातच नाही. लिहायला सुरुवात करताना ताम्हाणेकडे पैसे नव्हते. विवेक गोंबर, म्हणजे पुढे ज्यांनी त्यात बचाव पक्षाच्या वकिलाचं काम केलं आणि चित्रपटाची निर्मितीही केली, त्यांनी त्याला लिहिण्यासाठी दर महिन्याला १५,००० रुपये देऊ केले. फक्त लिही म्हणून. मग रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडातून पटकथा आणि प्रकल्प विकासासाठी साहाय्य मिळालं. हा फंड १९८८ पासून चालतो आणि युरोपाबाहेरच्या देशांमधल्या दिग्दर्शक-लेखकांना मदत करतो. पुढच्या ‘द डिसायपल’च्या वेळी ताम्हाणेला मेंटॉर मिळाला तोही कसा, तर अल्फोन्सो क्वारोन. रोलेक्स कंपनीचा एक गुरु-शिष्य उपक्रम आहे, त्यातून २०१६-१७ ला. ताम्हाणे मेक्सिकोत जाऊन ‘रोमा’च्या सेटवर राहिला, क्वारोननी ‘द डिसायपल’चे खर्डे वाचले, आणि २०२० ला त्या मराठी चित्रपटाला व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. रोलेक्सच्या उपक्रमाला आपण होऊन अर्ज करता येत नाही, तिथे नावं सुचवली जातात. तेव्हा तो नाद सोडा. पण क्रम ध्यानात घ्या: आधी घरखर्चापुरता पैसा, मग छोटा फंड, मग मोठा मेंटॉर. आपल्याकडचे बहुतेक जण उलट्या टोकाने, एकदम क्वारोनपासून सुरू करायला बघतात.

रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ दुसरं उदाहरण. २०२५ ला सनडान्सला जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक. त्याआधी तो प्रकल्प व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज सिनेमा या कार्यक्रमातून गेला होता. त्यातही कार्यशाळा असतात, मेंटॉर असतात, पुन्हा पुन्हा लिहिणं असतं.

तुम्ही म्हणाल, हे तर चित्रपटाचं झालं, आम्ही मालिकेचं विचारलं. बरोबर आहे. आपल्या देशात लेखकाला घडवणाऱ्या लॅब आधी चित्रपटासाठी उभ्या राहिल्या. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची, स्क्रीनरायटर्स लॅब ही त्यातली जुनी आणि भरवशाची. दर वर्षी मोजक्या संहिता निवडतात, देशी-परदेशी मेंटॉर त्यांच्यासोबत बसवतात, मध्ये पुन्हा लिहायला वेळ देतात, आणि शेवटी गोव्यात फिल्म बाजारमध्ये निर्मात्यांसमोर मांडणी असते. अलंकृता श्रीवास्तवचा ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ याच लॅबमधून गेला. फिल्म बाजार २००७ पासून भरतो, आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालंय. २०२४ ला त्याच्या सहनिर्मिती बाजारात २१ चित्रपटांसोबत ८ वेब मालिकाही होत्या. हा बदल लहान वाटला तरी आपल्या कामाचा आहे, कारण त्यामुळे मालिकेची संहिता घेऊन गोव्याला जायला एक अधिकृत रस्ता झाला. नेटफ्लिक्सनेही ‘टेक टेन’ म्हणून एक उपक्रम केला होता. दहा जण निवडले, प्रत्येकाला १०,००० डॉलर, आणि नावाजलेल्या दिग्दर्शक-लेखकांच्या कार्यशाळा. तोही लघुपटासाठी. पण तिथे पहिल्या फेरीत पदवी, कॉलेज, वशिला यातलं काही लागत नव्हतं, फोनवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरत होता.

खास मालिकेच्या पायलटसाठी म्हणून जे कार्यक्रम आहेत त्यात सनडान्सची एपिसोडिक लॅब २०१४ पासूनची, इटलीत टोरिनो फिल्म लॅबचा सीरिजलॅब, आणि फ्रान्समध्ये लिल शहरात सीरिज मॅनिया महोत्सवाच्या भोवतीचे लेखकांचे कार्यक्रम. नावं सांगतोय ती उद्या लगेच अर्ज टाका म्हणून नाही. त्यांच्या संकेतस्थळांवर अर्जात काय काय मागतात ते वाचा. तेवढं वाचलं तरी पायलट काय असतो ते अर्धं कळतं. तिथे वाचायला फी नाही.

आता पायलट. मराठी टीव्हीवाले पायलट म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शूट केलेला नमुना भाग असतो, जो वाहिनीला दाखवायचा. लेखनाच्या लॅबमध्ये पायलट म्हणजे कागदावरचा पहिला भाग. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, म्हणून अर्ध्या तासाच्या मालिकेला तीसेक पानं, तासाच्या मालिकेला पन्नास-साठ. सोबत मालिकेचं “बायबल” लागतं, म्हणजे पात्रं कोण, जग कसं, सगळे भाग कुठून कुठे जातील याचं टिपण. डेली सोपमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि शेवट कधी येईल ते टीआरपी ठरवतो. वेब मालिकेला शेवट आधी माहीत असावा लागतो. सात-आठ भाग, आणि लेखकाला आठव्या भागाचं शेवटचं दृश्य पहिला भाग लिहितानाच अंधुक का होईना दिसायला पाहिजे.

आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांची अडचण इथे वेगळी आहे आणि ती मी बऱ्याच संहितांमध्ये पाहिलीय. अमरावती-अकोल्यातला लेखक घडतो तो विद्यापीठाच्या युवा महोत्सवात, एकांकिकांमध्ये आणि राज्य नाट्य स्पर्धेत. तिथे तीस मिनिटांत नाहीतर दोन तासांत गोष्ट मिटवायची सवय लागते. शेवटाला टाळी पाहिजे. एकांकिकेचा लेखक पायलट लिहितो तेव्हा पहिल्याच भागात सगळं संपवून टाकतो. सावकार उघडा पडतो, पोरगी घर सोडते, बाप रडतो, पडदा. मग दुसऱ्या भागात काय, बाप्पा? पायलटचं काम दार उघडण्याचं. एक प्रश्न असा ठेवायचा की सात भाग तो पुरला पाहिजे, आणि तरी पहिला भाग पाहणाऱ्याला काही तरी पूर्ण झाल्याचं समाधानही मिळालं पाहिजे.

एक उदाहरण घेतो, सगळं तिथूनच समजावतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. जमिनीखाली पाणी आहे पण खारं, प्यायला नको आणि ओलितालाही नको. बोअर मारला तरी तहान तशीच. नळयोजना आली तर गोडं पाणी, नाहीतर टँकर. अकोट-तेल्हाऱ्याकडे ८४ खेडी योजना म्हटलं की पोरापोराला माहीत असते. वान धरणाचं पाणी शेतीला की पिण्याला, यावर आंदोलनं झालीत.

आता लॅबच्या अर्जात कोणी लिहिलं, “ही मालिका खारपाणपट्ट्यातील पाण्याच्या भीषण समस्येवर भाष्य करते,” तर तो अर्ज बाजूला पडेल. विषय चांगला आहे, पण विषय म्हणजे गोष्ट नव्हे. त्यावर वर्तमानपत्रात लेख होईल. आता तिथे एक माणूस उभा करा: गावचा व्हॉल्वमन. ग्रामपंचायतीचा मानधनावरचा माणूस, हातात लोखंडी चावी. कोणत्या वॉर्डाला आधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे कागदावर सरपंच ठरवतो आणि प्रत्यक्षात हा ठरवतो. पगार चिल्लर, पण पहाटे चार वाजता गावातला सगळ्यात ताकदवान माणूस हाच. त्याच्याशी गोड बोलावं लागतं. त्याच्या पोरीच्या लग्नाला आहेर जरा जास्त पडतो.

मेंटॉर इथे काय करतो? तो तुम्हाला दृश्य लिहून देत नाही. तो विचारत बसतो. या माणसाला पाहिजे काय? चावी गेली तर तो कोण उरतो? त्याच्या स्वतःच्या घरी पाणी कधी येतं? गावात ज्याला डायलिसिसला अकोल्याला न्यावं लागतं, तो याचा कोण लागतो? पहिल्या भागाच्या शेवटी तो कोणाचं पाणी मुद्दाम तोडतो, आणि ते कोणाला दिसतं? या शेवटच्या प्रश्नावर खरी मालिका सुरू होते. समजा व्हॉल्वमनने रागाच्या भरात एका गल्लीचं पाणी दोन दिवस बंद ठेवलं, त्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने नाइलाजाने बोअरचं पाणी पिलं, आणि पुढे जे झालं ते फक्त व्हॉल्वमनच्या बायकोला माहीत आहे. आता सात भाग पुरतील इतकं ओझं झालं. पाण्याची समस्या कुठे गेली नाही, पण आता ती एका माणसाच्या मानेवर बसली.

हे सगळं तुम्हाला एकट्याला सुचणार नाही असं नाही. सुचेलही. पण तुमच्या गावात तुमचा खर्डा वाचणारे दोनच प्रकारचे लोक असतात: मित्र, जे “जबरदस्त भाऊ” म्हणतात, आणि घरचे, जे म्हणतात “हे कायले करतं, त्यापेक्षा क्लासेस काढ.” दोघांचा तुमच्यावर जीव आहे, म्हणून दोघांचा उपयोग नाही. मेंटॉरला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला कागदाशी असतं. दुसऱ्या खर्ड्यानंतर, जेव्हा स्वतःच्या गोष्टीचा वीट आलेला असतो, तेव्हा असा एक तरी वाचक लागतो जो पुन्हा पहिल्या पानापासून वाचेल.

पण मेंटॉरचं सगळं ऐकायचं का? माझं मत, नाही. विशेषतः भाषेच्या बाबतीत.

वऱ्हाडी टीव्हीवर कशी दिसते ते आठवा. भारत गणेशपुरे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये त्यांनी वऱ्हाडी घराघरात नेली आणि ते काम सोपं नव्हतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची, तिनेही विदर्भाचा सूर मुख्य पात्राच्या तोंडी आणला. तरी मुंबईत बसून वाचणाऱ्याच्या डोक्यात वऱ्हाडी म्हटलं की आधी हसू येतं. (कित्येकांना तर वऱ्हाड म्हटलं की ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवतं. ते वऱ्हाड लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची!) मग व्हॉल्वमनची बायको रडत बोलते ते दृश्य वाचून मेंटॉर म्हणू शकतो की हे प्रमाण मराठीत करा, भावना पोचत नाही. तिथे अडून बसायचं. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली कौतिक वऱ्हाडीतच बोलते, १९६० पासून वाचकाला ती भावना पोचतेय. पुरुषोत्तम बोरकरांचं ‘मेड इन इंडिया’ वऱ्हाडीतच आहे, आणि त्यात हसता हसता माणूस गप्प होतो. जयंत सोमलकरचा ‘स्थळ’ विदर्भातल्या गावात, तिथल्याच लोकांना घेऊन, तिथल्याच बोलीत केलेला; २०२३ ला टोरोंटोला त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. तेव्हा भाषा अडथळा आहे असं कोणी म्हटलं तर ही नावं पुढे करा.

व्यवहारात असं करा: दृश्याचं वर्णन साध्या, स्वच्छ मराठीत, आणि संवाद वऱ्हाडीत. अर्ज बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लागतो, तेव्हा नमुना दृश्यं भाषांतर करून द्यावी लागतात. भाषांतरात बोलीची नक्कल करत बसू नका. खेडवळ इंग्रजी फार वाईट दिसतं. साधं इंग्रजी ठेवा आणि सोबत दोन-तीन संवाद मूळ वऱ्हाडीत देवनागरीत जोडा. वाचणाऱ्याला अर्थ कळला नाही तरी लय कळते.

अर्जात साधारण हे मागतात: दोन वाक्यांत गोष्ट, एक-दोन पानांत सारांश, पात्रांची ओळख, मालिका कुठे जाणार याचं टिपण, पायलटची काही पानं किंवा पूर्ण पायलट, तुमची माहिती, आणि लेखकाचं मनोगत. बाकी सगळं मेहनतीने जमतं. मनोगतात लोक घसरतात. “मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे” हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यांच्या डोळ्याला ते दिसतसुद्धा नाही. त्यांना कळून घ्यायचं असतं की ही गोष्ट तुम्हीच का लिहायची. खारपाणपट्ट्यातल्या माणसाकडे याचं उत्तर मुंबईच्या माणसापेक्षा जास्त असतं. पाव्हणे आले की आधी गोड्या पाण्याचा हंडा वेगळा काढून ठेवणारी घरं तुम्ही पाहिलीत. चहा खारट लागू नये म्हणून काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. तेच लिहा. माहितीच्या रकान्यात राज्य नाट्य स्पर्धेतलं लेखन, आकाशवाणीवरचं काम, दिवाळी अंकातली कथा हे सगळं घाला. “एवढंसं कायले टाकू” म्हणून लाजू नका. नियमाने काम पूर्ण करणारा माणूस आहे हे त्यातून दिसतं, आणि निवड करणाऱ्यांना तीच मोठी धास्ती असते, की हा अर्ध्यात सोडून जाईल.

आता सगळ्यात जास्त मेसेज ज्यावर येतात तो विषय: “आयडिया चोरली तर?”

कायदा स्पष्ट आहे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ ला आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे घालून दिलं. एका नाटकावरून चित्रपट उचलला असा दावा होता, न्यायालयाने सांगितलं की विषय सारखा असणं पुरेसं नाही, मांडणी उचललेली दिसली पाहिजे. म्हणून व्हॉट्सॲपवर चार ओळीत पाठवलेल्या “स्टोरी”चं संरक्षण जवळजवळ शून्य, आणि पन्नास पानी पायलटचं बऱ्यापैकी. म्हणजे चोरीची भीती असेल तर उपाय जास्त लिहिणं हाच आहे. लिहून झालं की स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन तिथे ऑनलाइन नोंदणी करा, किंवा कॉपीराइट कार्यालयात करा. साहित्यकृतीची तिथली फी ५०० रुपये आहे. दोन्ही घरी बसून होतं, अकोल्याहून मुंबईला जायची गरज नाही.

ग्रँट मिळाली तर जो करार येईल त्यात तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. संहितेची मालकी कोणाकडे राहते? बऱ्याच लॅबमध्ये ती लेखकाकडेच राहते, फक्त श्रेयनामावलीत लॅबचं नाव द्यावं लागतं. पण कुठे कुठे पैसे देणारी कंपनी “पहिला हक्क” मागते, म्हणजे संहिता आधी तिलाच दाखवायची. ते चालण्यासारखं आहे, पण किती महिने, हे लिहिलेलं पाहिजे. दुसरं, हक्क देत असाल तर मुदत आणि प्रदेश. कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेऊन एक वर्षात वापरला नाही तर तो परत लेखकाकडे येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ते “वेगळं” बहुतेक करारांत लिहिलेलं असतं, म्हणून तिथे पेन्सिलीने गोल करा. तिसरं, रॉयल्टी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, कोणी सही घेतली तरी. वसुली कशी होते हा निराळा विषय, त्यावर वकील मंडळींना घेऊन स्वतंत्र भाग करू.

शेवटी हिशोब. नोकरी सांभाळून पायलट आणि बायबल नीट लिहायला माझ्या अंदाजाने आठ-दहा महिने लागतात, पूर्णवेळ बसलात तर चार. अकोल्यात किंवा अमरावतीत स्वतःचं घर असलेल्या माणसाचा चार महिन्यांचा खर्च साठ-सत्तर हजारात भागू शकतो. मुंबईत तेवढ्यात भाडंच जाईल. म्हणजे जी रक्कम मुंबईच्या लेखकाला तोकडी, ती आपल्याला पुरते. ही आपली एक जमेची बाजू आहे आणि आपण ती मोजतच नाही. अर्जात खर्चाचा तक्ता मागितला तर तो खरा भरा, लाजून कमी करू नका आणि मुंबईचे आकडेही चिकटवू नका. मुलाखतीला बोलावलं तर रात्रीच्या अंबा एक्सप्रेसचं स्लीपरचं भाडं धरा, परतीचंही.

आणि कोणाचीच ग्रँट मिळाली नाही तर? ‘कोर्ट’चे पंधरा हजार रुपये कोणत्या संस्थेचे नव्हते, एका ओळखीच्या माणसाचे होते, आणि त्याला संहितेवर विश्वास होता. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीत, शंकरपटाच्या बक्षिसात लाखाने पैसा फिरतो. गावातल्या एखाद्या डॉक्टरला, जिनिंगवाल्याला, बाहेरगावी स्थायिक झालेल्या वर्गमित्राला “चार महिने, महिन्याला पंधरा हजार, आणि शेवटी हे कागद” असं लेखी विचारून बघायला काय हरकत आहे? मेंटॉरच्या बाबतीतही तेच. राज्य नाट्य स्पर्धेत तुमच्यापेक्षा वीस वर्षं जास्त घालवलेला दिग्दर्शक तुमच्याच तालुक्यात असेल. त्याला नुसतं “वाचून सांगा” म्हणू नका, तीन प्रश्न लिहून द्या आणि त्यांचीच उत्तरं मागा: कुठे कंटाळा आला, कोणावर विश्वास बसला नाही, आणि दुसरा भाग बघाल का.

हा भाग ऐकून ज्यांनी पायलटची पानं पाठवली त्यांना एक सांगणं: पीडीएफ करूनच पाठवा, वर्डमध्ये देवनागरीचे फॉन्ट मोडतात आणि मग मला फक्त चौकोन दिसतात. पहिली दहा पानं पुरेत. वाचायला मला महिना लागतो. पुढच्या भागात बायबल कसं लिहायचं ते घेऊ, व्हॉल्वमनलाच पुढे नेऊ. तोवर रामराम.